बर्फात जंतू मरत नाहीत

पोटाचे रोग म्हटले की आपल्याला माश्या आणि पावसाळ्यातले गढूळ पाणी आठवते. मग जिथे वर्षातील बरेच महिने बर्फ असतो, तिथे हे रोग नसतीलच, असे वाटते. पण तसे नाही. थंडीने अनेक जंतूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत. जुलाब करणाऱ्या जिआर्डिया या परजीवीचे कोश थंड पाण्यात दोन-तीन महिने तग धरतात. हिपॅटायटिस 'ए' या काविळीचा विषाणू तर गोठवलेल्या पदार्थांतही टिकतो. १९९७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतून २०० हून अधिक जणांना ही कावीळ झाली. त्यांत शाळकरी मुलेच जास्त होती.

आता अलास्काचे उदाहरण पाहू. तेथील बहुतेक खेड्यांना बाहेरून जाणारा रस्ता नाही. लहान विमान, होडी किंवा बर्फावरची गाडी हीच साधने. उत्तरेकडे जमीन खोलवर कायम गोठलेली असते. तिथे खड्डा खणता येत नाही आणि जमिनीत नळ टाकले तर पाणी गोठते. म्हणून काही खेड्यांत आजही घरात बादलीचाच संडास वापरतात. पाणी दुरून भरून आणायचे, त्यामुळे ते जपून वापरायचे. मग एकाच घमेल्यातील पाण्यात घरातील सर्वांनी हात धुवायचे. अशाने एकाच्या हातावरचे जंतू सर्वांच्या पोटात जातात.

यामुळेच तेथील आदिवासी समाजात दर दहा-पंधरा वर्षांनी या काविळीची मोठी साथ येत असे. लहान मुलांमध्ये बहुधा लक्षणे दिसतच नाहीत. मूल हसत-खेळत असते आणि रोग मात्र पसरत असतो. १९९५ साली अमेरिकेत या रोगाच्या लशीला मान्यता मिळाली. पुढील वर्षापासून अलास्कात मुलांना ती नियमितपणे देण्यास सुरुवात झाली. काही वर्षांतच रोग जवळजवळ नाहीसा झाला आणि साथींचे ते चक्र थांबले.

पण लस एकाच रोगाला अडवते. बाकीच्या रोगांसाठी भरपूर व स्वच्छ पाणी हवेच. त्यासाठी तेथे जमिनीच्या वरून, थंडी आत शिरणार नाही असे आवरण घातलेले नळ नेतात आणि त्यांतून कोमट पाणी सतत फिरते ठेवतात. हे काम खर्चाचे आहे; पण त्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्या दाराशी नळ आहे, साबण आहे. शौचानंतर आणि जेवणापूर्वी वाहत्या पाण्याखाली हात धुणे आपल्याला सहज जमते. अशुद्ध पाण्याचा बर्फही अशुद्धच, हे गोळा खाताना विसरू नका. पालकांनीही काविळीच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.