अलगीकरण आणि पदरमोड

इंदूरहून महूकडे जाताना वाटेत राऊ लागते. मुंबई आणि आग्रा यांना जोडणारा जुना मार्ग या गावावरून गेलेला आहे. २०२० च्या मे महिन्यात मुंबई-ठाण्याकडील हजारो मजूर पायी, सायकलींवर आणि मालमोटारींत दाटीवाटीने बसून याच मार्गाने उत्तरेकडे परतत होते. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर, सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात, त्यांची मोठीच कोंडी झाली होती. त्याच महिन्यात परदेशांत अडकून पडलेल्या भारतीयांना घेऊन विमानेही देशात उतरू लागली. दोघेही घरी परतणारेच होते. आणि दोघांनाही एकच गोष्ट सांगण्यात आली की, घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी काही दिवस वेगळे राहा.

या वेगळे राहण्याला सरकारी मराठीत ‘अलगीकरण’ असे नाव मिळाले. रोग झालेल्या माणसाला इतरांपासून दूर ठेवणे, ते विलगीकरण. आणि रोग जडला असेल की काय, एवढ्या शंकेवरून धडधाकट माणसाला दूर ठेवणे, ते अलगीकरण. हा भेद केवळ शब्दांचा नाही. अलगीकरणात राहणाऱ्यांपैकी बहुतेक जण निरोगी असतात. त्यांनी कोणताही अपराध केलेला नसतो, आणि त्यांच्या कोंडून घेण्याचा लाभ त्यांच्यापेक्षा त्यांच्या शेजाऱ्यांनाच अधिक होतो. मग या कोंडून घेण्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. श्रोतेहो, कोरोनाची साथ ओसरली असली तरी या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवणे आवश्यक आहे. कारण पुढची साथ येईल तेव्हा विचार करावयास सवड मिळणार नाही.

अलगीकरणाची कल्पना फार जुनी आहे. १३७७ साली एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील रागुसा या व्यापारी नगराने, प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्यांनी तीस दिवस नगराबाहेर राहावे, असा नियम केला. पुढे हे तीस दिवस चाळीस झाले आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द जगभर गेला. त्यामागील तत्त्व सोपे आहे. रोगाचा शरीरात प्रवेश होणे आणि त्याची लक्षणे दिसू लागणे, यांच्यामध्ये काही काळ जातो. तेवढा काळ निर्धोकपणे उलटला, की माणूस सुरक्षित समजावयाचा. कोरोनाच्या बाबतीत हा काळ सामान्यतः पाच-सहा दिवसांचा आणि फार तर चौदा दिवसांचा मानला गेला. चौदा हा आकडा आला तो येथून.

आपल्याकडे या विषयाचा कायदा झाला तो प्लेगच्या धास्तीने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले. पाठोपाठ महापालिकेने रोग्यांना सक्तीने हलविण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमाचा परिणाम उलटाच झाला. रोगाइतकीच रुग्णालयाची आणि छावणीची दहशत बसली. लोक आजारी माणसे लपवू लागले आणि लक्षावधी माणसे शहर सोडून पळाली. पळणाऱ्यांबरोबर रोगही आगगाडीत बसला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. पुण्यात रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने घरोघरी जी झडती चालविली, तिचा शेवट त्या वर्षीच्या २२ जूनच्या रात्री झालेल्या गोळीबारात झाला, हा इतिहास मराठी वाचकांस सांगावयास नको. परंतु त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च रोजी देह ठेवला. एकाच साथीत भीतीने लोक दुरावल्याचे आणि सेवेने रोग्यास आधार मिळाल्याचे, असे दोन्ही दाखले त्या वर्षाने मागे ठेवले आहेत.

हा १८९७ चा कायदा २०२० सालीही उपयोगात आणला गेला. त्याच्या दुसऱ्या कलमात एक लहानसे वाक्य आहे. साथ रोखण्यासाठी होणारा खर्च, आणि द्यावयाची असल्यास नुकसानभरपाईही, कोणी व कशी सोसावयाची, हे सरकारने ठरवावे, अशा आशयाचे ते आहे. म्हणजे प्रवाशानेच पैसे भरले पाहिजेत, असे कायदा म्हणत नाही. आणि सरकारनेच भरावेत, असेही म्हणत नाही. न्यायाचा निवाडा त्याने अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोपविला आहे.

तो विवेक कसा चालविला गेला, ते पाहावे. ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने सुरू झाली. प्रवाशाने तिकिटाचे पैसे स्वतः भरावयाचे, आणि उतरल्यावर चौदा दिवस सरकारने नेमलेल्या ठिकाणी स्वखर्चाने राहावयाचे, असा आरंभीचा नियम होता. २४ मे रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तो काहीसा सैल केला. सात दिवस स्वखर्चाने संस्थेत आणि पुढील सात दिवस स्वतःच्या घरी, अशी विभागणी झाली. गर्भवती स्त्रिया, घरात मृत्यू झालेले, गंभीर आजारी आणि दहा वर्षांखालील मुलांसह असलेले आईबाप, यांना चौदाही दिवस घरी राहण्याची मुभा मिळू शकत असे. ऑगस्टपासून, प्रवासापूर्वीच्या ९६ तासांत केलेल्या चाचणीत निर्दोष ठरलेल्यांनाही संस्थेतील वास्तव्यातून सूट मिळू लागली.

आता समजा, राऊचे दोन रहिवासी त्या मे महिन्यात परतले. एक लंडनहून आलेला व्यापारी, तर दुसरा दुबईतील काम सुटल्यामुळे परतलेला गवंडी. दोघांनाही सात दिवस हॉटेलात राहावयाचे आहे आणि दोघांच्या पावतीवर सारखीच रक्कम आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती प्रवासखर्चातील एक किरकोळ बाब होय. गवंड्याने मात्र आधीच उसनवारी करून तिकीट काढलेले असते. त्याच्या दृष्टीने ती रक्कम म्हणजे नवे कर्ज. नियम कागदावर समान असला तरी त्याचा भार समान राहत नाही. केरळात त्याच महिन्याच्या अखेरीस हा प्रश्न ऐरणीवर आला. परतणाऱ्यांनी अलगीकरणाचे पैसे द्यावेत, असे सरकारने जाहीर केले, तेव्हा आखाती देशांत राबणाऱ्यांच्या कुटुंबांत संताप उसळला. आणि गरिबांकडून पैसे घेतले जाणार नाहीत, असा खुलासा सरकारला लागलीच करावा लागला.

याच सुमारास, २८ मे २०२० रोजी, देशांतर्गत परतणाऱ्या मजुरांकडून रेल्वेचे वा बसचे भाडे घेऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो योग्यच होता. परंतु मुंबईहून परतणाऱ्या मजुराला लावलेले माप दुबईहून परतणाऱ्या मजुराला का लावू नये, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही. विमानातून उतरला म्हणून माणूस श्रीमंत ठरत नाही.

खर्च म्हणजे केवळ खोलीचे भाडे, असेही समजू नये. त्याच वर्षी २२ ऑगस्टला गणेशचतुर्थी होती. मुंबईचे चाकरमानी कोकणात निघाले, तेव्हा गावोगावी चौदा दिवसांच्या अलगीकरणाची मागणी होऊ लागली. अखेर राज्य सरकारने दहा दिवसांची मुदत ठरविली. १२ ऑगस्टनंतर निघणाऱ्यांना चाचणी करून जाण्यास सांगितले आणि एस. टी. च्या गाड्या सोडल्या. चाकरमान्यांपैकी पुष्कळ जण आपल्याच घरी अथवा गावातील शाळेत राहणार होते. त्यांना हॉटेलाचे पैसे द्यावयाचे नव्हते. तथापि, दहा दिवस अलगीकरणाचे आणि पुढे सणाचे, एवढी रजा आणावयाची कोठून? ज्याला महिन्याचा पगार बांधलेला आहे, त्याला रजेचा हिशेब करता येतो. ज्याचे पोट रोजावर आहे, त्याचे दहा दिवस म्हणजे दहा दिवसांची चूल. दुसऱ्या बाजूने, जेथे रुग्णालय कित्येक कोस दूर आहे, त्या गावातील वृद्धांचे भयही खोटे नव्हते. दोन्ही पक्ष खरे बोलत होते आणि म्हणूनच तो प्रश्न अवघड होता.

परदेशांतील मराठी कुटुंबांनी याहून मोठे भुर्दंड सोसले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १८ जुलै २०२० पासून एका प्रौढ प्रवाशास ३,००० डॉलर आकारले. ब्रिटनने २३ एप्रिल २०२१ पासून भारताला आपल्या ‘लाल’ यादीत घातले. तेथील हॉटेलात दहा दिवस राहण्यासाठी एकट्या माणसाला १,७५० पौंड मोजावे लागत. येथे आजारी आईबापांना भेटावयास आलेल्या मुलाला परत आपल्या नोकरीवर जाण्यासाठी हा दंडच होता. त्या मे महिन्यात तर ऑस्ट्रेलियाने भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना काही दिवस बंदी केली आणि ती मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद दाखविली. न्यूझीलंडमध्ये अलगीकरणाच्या खोल्या सोडतीसारख्या पद्धतीने वाटल्या जात. ज्याची निकड मोठी त्याला अग्रक्रम नाही, या दोषावर तेथील उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये बोट ठेवले.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली कोविशील्ड लस घेतलेल्या भारतीयांनाही ब्रिटनने लस न घेतलेल्यांच्या पंक्तीत बसविले होते. वस्तुतः ही लस मुळात ऑक्सफर्डच्या संशोधनातूनच निघालेली. भारताने ४ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटिश नागरिकांनाही दहा दिवसांचे अलगीकरण लागू केले, आणि ११ तारखेपासून ब्रिटनने आपला नियम मागे घेतला. आठवड्याभरात रोगाचे स्वरूप पालटले नव्हते; पालटले होते ते केवळ राजकारण. ज्या नियमाचा आधार शास्त्रात नसून पारपत्राच्या रंगात असतो, तो न्याय्य म्हणता येत नाही.

प्रवाशाकडून पैसे घेण्याच्या बाजूनेही काही म्हणणे आहे, आणि ते नीट ऐकून घेतले पाहिजे. प्रवास करणारे थोडे, न करणारे पुष्कळ. मग न करणाऱ्यांच्या करातून प्रवाशांच्या हॉटेलाचे पैसे का द्यावेत? शिवाय, शुल्क असले तर अनावश्यक प्रवास आपोआप कमी होतो. साथ चालू असताना हौसेखातर सहलीस गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे म्हणणे ग्राह्य धरावयास हरकत नाही. नियम ठाऊक असून तो गेला. त्याने पैसे भरावेत. परंतु नियम होण्यापूर्वीच जो परदेशी अडकला, ज्याचे काम सुटले, ज्याच्या घरी मृत्यू झाला, त्याला निवड करण्याची संधीच नव्हती. जेथे निवड नाही तेथे शुल्काने आळा कशाला घालावयाचा?

आंतरराष्ट्रीय नियमांचा कलही याच बाजूस आहे. २००५ साली संमत झालेल्या जागतिक आरोग्य नियमांतील चाळिसाव्या कलमाप्रमाणे, कायम वा तात्पुरत्या वास्तव्यासाठी येणारे परकीय सोडले, तर या नियमांखाली होणाऱ्या अलगीकरणाचे पैसे प्रवाशाकडून घेऊ नयेत. बत्तिसावे कलम प्रवाशांना सन्मानाने वागविण्यास आणि त्यांच्या अन्नपाण्याची, निवाऱ्याची व्यवस्था ठेवण्यास सांगते. राष्ट्रांनी ही कलमे मान्य केली होती, आणि वेळ आली तेव्हा त्यांपैकी अनेकांनी पावतीपुस्तके पुढे केली.

एक व्यावहारिक कारणही आहे. पदरमोड करावी लागणार असे दिसले, की माणूस लपतो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी अलग राहावयाच्या प्रवाशांच्या डाव्या हातावर शिक्के मारले जात. तसे शिक्के असलेले चार प्रवासी गुजरातकडे जाणाऱ्या आगगाडीत आढळले आणि त्यांना पालघरला उतरविण्यात आले. तेथे प्रश्न पैशाचा नव्हता, घरी पोहोचण्याच्या ओढीचा होता. त्या ओढीत पैशाच्या भीतीची भर पडली, तर शिक्का पुसण्याचा मोह किती वाढेल, याची कल्पना करावी. एक माणूस लपल्याने होणारे नुकसान त्याच्या सात दिवसांच्या जेवणखाणाहून कितीतरी मोठे असते.

तेव्हा न्याय्य नियमाची काही लक्षणे सांगता येतील. अलगीकरणाची मुदत रोगाच्या ज्ञानाप्रमाणे ठरावी आणि चाचणीने ती कमी होत असेल तर तशी करावी. भेद करावयाचा तो धोक्यावरून, देशावरून नव्हे. विनाशुल्क आणि स्वच्छ अशी सोय प्रत्येकास उपलब्ध असावी. ज्याला अधिक सुखसोयी हव्यात, त्याने त्यांपुरते पैसे द्यावेत. नियम प्रवासी निघण्यापूर्वी जाहीर व्हावा, विमान आकाशात असताना नव्हे. रोजंदारीवाल्याच्या बुडालेल्या मजुरीचा काही अंश त्यास मिळावा. आणि मृत्यू, बाळंतपण, आजारपण अशा प्रसंगी दाद मागण्यास एक तरी खिडकी उघडी असावी.

यास पैसा लागेल, हे खरे. परंतु इंदूरने २०२० मध्ये मंगल कार्यालये, वसतिगृहे आणि हॉटेले अलगीकरणासाठी घेतलीच होती. अशा जागांची यादी, त्यांचे दर आणि त्यांसाठीचा निधी शांततेच्या काळात ठरवून ठेवणे कोणत्याही जिल्ह्यास अशक्य नाही. याच इंदुरात शंभर वर्षांपूर्वी, १९१७-१८ च्या सुमारास, पॅट्रिक गेडीस या नगररचनाकाराने प्लेगच्या निवारणासाठी दिवाळीची मिरवणूक काढली आणि नागरिकांना आपापली घरे, गल्ल्या स्वच्छ करावयास प्रवृत्त केले. हुकमापेक्षा सहभागाने अधिक साधते, ही त्याची श्रद्धा होती.

जो माणूस निरोगी असूनही इतरांसाठी सात दिवस एका खोलीत बसतो, तो समाजावर उपकारच करीत असतो. त्या उपकाराचे मोल त्याच्याच खिशातून वसूल करणे योग्य नव्हे. समाजाने निदान त्याच्या निवाऱ्याची आणि दोन वेळच्या जेवणाची तजवीज करावी, एवढीच न्यायाची अपेक्षा आहे; आणि ती पुरी झाली, तर पुढच्या साथीत नियम मोडणारे कमी आणि पाळणारे अधिक आढळतील.