‘कोमा’ म्हणजे नेमके काय?

“पेशंट कोमात गेला” हे शब्द कानी पडले की घरच्यांचा धीर सुटतो. कोणी ‘आता संपले’ असा अर्थ घेतो, तर कोणी ‘झोप आहे, उतरेल’ म्हणून सकाळची वाट पाहतो. दोन्ही समज घातक आहेत. म्हणून आज या शब्दाचीच ओळख करून घेऊ.

‘कोमा’ हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ गाढ झोप. वाक्यातल्या स्वल्पविरामाशी, म्हणजे ‘कॉमा’शी, त्याचा संबंध नाही. श्रीदत्तप्रभू रोज निद्रेला माहूरगडी येतात, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. पण निद्रेला जाग असते. कोमातील रुग्णाला हाका मारा, चिमटा काढा, तो डोळे उघडत नाही.

हा फरक आयुर्वेदाने नेमका ओळखला होता. चरकसंहितेत मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा बेशुद्धीच्या चढत्या पायऱ्या सांगितल्या आहेत. मूर्च्छा आपोआप उतरते, संन्यास उपचारावाचून उतरत नाही. खोल पाण्यात बुडणारे भांडे तळाला जाण्याआधी धरावे, तशी या रुग्णाबाबत त्वरा करावी, असा दाखला तेथे दिला आहे.

कोमा हा स्वतंत्र आजार नव्हे, मेंदूची अवस्था आहे. डोक्याला मार, मेंदूतील रक्तस्राव, मेंदूचा मलेरिया, कीटकनाशकाची विषबाधा, मधुमेहात साखर फार उतरणे वा चढणे ही त्याची काही कारणे. साखर उतरली असेल तर शिरेतून ग्लुकोज देताच रुग्ण काही मिनिटांत बोलू लागतो. मात्र उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते. बेशुद्धी किती खोल आहे हे डॉक्टर ‘ग्लासगो कोमा स्केल’ने मोजतात. ही पद्धत 1974 साली आली. डोळे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून 3 ते 15 गुण दिले जातात. 8 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे अवस्था गंभीर.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. ‘42 वर्षे कोमात’ असे त्यांच्याविषयी पुष्कळदा छापले गेले, पण ते बरोबर नव्हते. त्यांचे डोळे उघडत, भरवलेले अन्न त्या गिळत. खरा कोमा सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. रुग्ण शुद्धीवर येतो, दगावतो, किंवा डोळे उघडे पण भान नाही अशा अवस्थेत जातो. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 च्या निकालात अरुणाताईंची अवस्था ही तिसरी मानली. सहकारी परिचारिकांनी त्यांना अखेरपर्यंत सांभाळले. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन झाले.

माणूस हाकेला ओ देत नसेल तर कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. तोंडात पाणी, साखर, औषध काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. पडून मार लागला असल्यास मान हलवू नका. 108 ला फोन करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा विषाचा डबा सापडला तर सोबत न्या.

आणि डॉक्टरांना ‘शुद्धीवर कधी येईल?’ याआधी ‘कोमा कशामुळे?’ हे विचारा. पुढचे सारे त्या उत्तरावर अवलंबून आहे.