मोरीच्या पाइपाला ढाळ किती? फुटाला पाव इंच!

कपाशीच्या सरीत पाणी सोडताना ते कुठे थांबते आणि कुठे पळते, हे आपल्याला नुसत्या नजरेने कळते. ढाळीचा बांध घालताना इंच-दोन इंचांसाठी आपण सहायक कृषी अधिकाऱ्याशी वाद घालतो. पण घरी न्हाणीघर बांधायला काढले, की सगळे मिस्त्रीवर सोडून मोकळे होतो. मग वर्षभराने मोरी तुंबते, अंगणात चिखल होतो आणि शेजाऱ्याशी बोलणे बंद होते.

माझ्याच घरचे सांगतो. गावाकडे एप्रिलमध्ये नवे न्हाणीघर बांधले. मोरीपासून परसबागेपर्यंत २० फूट पाइप होता. उतार मोजू म्हटले, तर मिस्त्री हसला. "कायले मोजता साहेब, पानी आपली वाट आपूनच शोधते!" मीही गप्प बसलो. शेतात दुसऱ्याला लेव्हल शिकवणारा मी, घरी आळस केला. पावसाळा संपता संपता मोरीत घोटाभर पाणी साचू लागले. शेवाळ धरले. एका सकाळी आई त्यावरून घसरली आणि मनगट मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. मग पाइप उकरला. २० फुटांत उतार जेमतेम १ इंच, आणि मधला भाग विटेवरून निसटून खाली बसलेला. त्या खोलगट भागात साबणाचा गाळ दगडासारखा झाला होता.

असे का झाले? एक तर उतार कमी, आणि दुसरे कारण आपली काळी जमीन. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर नुसता टेकवलेला पाइप एकीकडे उचलला जातो, दुसरीकडे बसतो. उन्हाळ्यात बरोबर असलेला उतार पोळ्यापर्यंत बिघडलेला असतो.

हिशेब सोपा आहे

न्हाणीघराच्या ३ किंवा ४ इंची पाइपाला दर फुटाला पाव इंच उतार द्या. १० फुटांना अडीच इंच, २० फुटांना ५ इंच. त्याहून फार जास्त दिला, तर पाइपाचे टोक खोल जाते आणि पावसात नालीचे पाणी उलटे मोरीत शिरते. न्हाणीघराच्या फरशीलाही जाळीकडे ५ फुटांना १ इंच तरी उतार हवा.

संडासाची गोष्ट वेगळी. तिथे दोन मग पाण्यात मैला पुढे ढकलायचा असतो. म्हणून शोषखड्ड्याच्या संडासाच्या पाइपाला १५ फुटांना किमान १ फूट उतार द्यावा. न्हाणीघराचे पाणी मात्र त्या खड्ड्यात कधीही सोडू नका. खड्डा लवकर भरतो, मैला कुजत नाही.

मोजायचे कसे?

पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ ते २०१९ या काळात झाली. आपल्या जिल्ह्यातल्या गावांनीही त्यात घाम गाळला. तेव्हा हायड्रोमार्कर हाताळलेले लोक अजून गावात आहेत. ते साधन नसेल, तर पारदर्शक नळी आणि पाणी पुरे.

१. आधी शेवट ठरवा. पाणी जिथे पडणार, ती जागा पावसाळ्यातल्या नालीच्या पाण्याच्या वर असली पाहिजे. पुरेसा उतार बसत नसेल, तर न्हाणीघराचा जोता उंच घ्या. हे बांधकामाआधीच ठरते, मागाहून नाही.

२. नळीतले हवेचे बुडबुडे काढा. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून नळीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. मोरीकडे खुणेपासून १२ इंच खाली पाइपाचा तळ असेल, तर २० फुटांवर तो १७ इंच खाली हवा. त्या हिशेबाने दोरी ताणा.

३. चर ठरल्यापेक्षा ६ इंच जास्त खोदा. काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून धुम्मस करा, वर वाळू पसरा. पाइप सलग टेकला पाहिजे. खाली विटांचे तुकडे ठेवू नका. सॉकेटचे फुगीर तोंड वरच्या बाजूला, मोरीकडे ठेवा.

४. वळणावर एकच काटकोनी एल्बो बसवू नका. दोन अर्ध्या वळणांचे बेंड लावा किंवा छोटे चेंबर बांधा. मोरीत नहाणी ट्रॅप बसवा. त्यातले पाणी दुर्गंधी अडवते.

५. चर बुजवण्यापूर्वी बादलीभर पाणी ओता. पाणी गेल्यावर बॅटरी लावून आत पाहा. कुठे पाणी चमकले, तर तेवढा भाग पुन्हा बसवा. ही पाच मिनिटे चुकवू नका.

पाणी जाणार कुठे?

काळ्या जमिनीत शोषखड्डा लवकर पाणी पीत नाही. मुरमाड जागा असेल तिथेच तो घ्या, आणि विहिरीपासून किमान ५० फूट दूर. नाहीतर ते पाणी केळी, पपईच्या आळ्यात फिरवा. कच्च्या खायच्या पालेभाजीला मात्र देऊ नका.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाही एक विनंती. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होते. त्यातले साधारण पाऊण हिस्सा पाणी मोरीतूनच बाहेर येते. ते साचले, की घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास येतो. तोच हत्तीरोग पसरवतो, आणि हा रोग विदर्भाला नवा नाही. तेव्हा घरकुलाचा जोता भरण्यापूर्वी एकदा नळी लावून उतार तपासा. गावातल्या गवंड्यांना एकत्र बोलावून प्रात्यक्षिक दाखवा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

पाणी आपली वाट शोधते, हे मिस्त्रीचे म्हणणे खोटे नाही. पण वाट आपण दिली नाही, तर ते आपल्या अंगणातून आणि शेजाऱ्याच्या दारातून वाट काढते. म्हणून पाइप पुरण्यापूर्वी, बंधूंनो, नळी हातात घ्या आणि मोजा.