वाट पुसताना

प्रवासाला निघालेला माणूस शिदोरी बांधतो, पैसे मोजून घेतो आणि आणखी एक गोष्ट आवर्जून करतो. ज्या गावाला जायचे, तेथे आधी जाऊन आलेल्या कोणाला तरी गाठून तो चार प्रश्न विचारतो. गाडी कोणती बरी? उतरावे कोठे? थंडी किती असते? जेवणाखाण्याची सोय काय? पूर्वी ही विचारपूस धर्मशाळेच्या ओसरीवर होत असे. आज ती बहुधा भ्रमणध्वनीवरून होते. साधने बदलली, पण गरज बदललेली नाही. अनोळखी मुलखात पाऊल टाकताना माणसाला दुसऱ्या माणसाच्या अनुभवाचा आधार हवा असतो. मात्र हा आधार नेहमीच सारखा भक्कम नसतो. एखादा सल्ला प्रवास सुखाचा करतो, तर एखादा प्रवाशाला संकटातही टाकतो. असे का होते, हे समजून घेणे प्रत्येक प्रवाशाच्या हिताचे आहे.

जुन्या काळची विचारपूस

रेल्वे आणि छापील वेळापत्रके येण्यापूर्वी वाटेची माहिती वाटेवरच मिळत असे. बैलांचे तांडे घेऊन फिरणारे व्यापारी, तीर्थयात्रेहून परतणारे यात्रेकरू, तीर्थक्षेत्रांतील उपाध्ये आणि नदीवरचे नावाडी हेच त्या काळचे माहितगार होते. कोणत्या घाटात चोरांचे भय आहे, कोणत्या विहिरीचे पाणी गोड आहे, कोणत्या नदीला उतार मिळेल, हे त्यांच्याकडून कळे.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात या विचारपुशीचे मोल दिसून येते. कोकणातील वरसई गावचे हे भिक्षुक १८५७ मध्ये मथुरेला होणाऱ्या यज्ञात दक्षिणा मिळेल, या आशेने आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. पुढे लवकरच मोठा उठाव होणार असल्याची वार्ता त्यांना महूच्या परिसरात भेटलेल्या शिपायांकडून कळली. तरीही ते पुढे गेले. झाशीचा वेढा त्यांनी प्रत्यक्ष अनुभवला आणि प्राणावर बेतलेल्या अनेक प्रसंगांतून ते कसेबसे घरी परतले. त्यांचे हे कथन १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. वाटेत मिळालेली माहिती खरी होती. परंतु ती ऐकून काय करायचे, याचा निर्णय प्रवाशालाच घ्यावा लागला. सल्ला आणि निर्णय यांतील हे अंतर आजही कायम आहे.

परिक्रमेचा धडा

सल्ल्यांची देवाणघेवाण कशी चालते, हे पाहायचे असेल तर नर्मदा परिक्रमेसारखे दुसरे उदाहरण नाही. अमरकंटक येथे उगम पावणारी ही नदी सुमारे १,३०० किलोमीटर वाहत जाऊन भडोचजवळ समुद्राला मिळते. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांतून जाणारी ही परिक्रमा अनेक मराठी माणसेही श्रद्धेने करतात. नदी सदैव उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र मध्येच ओलांडायचे नाही, असा परिक्रमेचा नियम आहे.

या नियमाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. सर्व परिक्रमावासी एकाच दिशेने चालत असल्यामुळे समोरून परत येणारा यात्रेकरू त्यांना भेटत नाही. पुढच्या वाटेची ताजी हकिकत सांगणारे कोण? तर काठावरचे गावकरी, आश्रमातील सेवेकरी आणि सदावर्त देणारी माणसे. पुढच्या गावाला जाणारी पायवाट शाबूत आहे की पुरात वाहून गेली, मुक्कामाला जागा कोठे मिळेल, हे तीच माणसे सांगतात. समुद्रसंगमाशी नावेने पैलतीरी जावे लागते. नाव केव्हा सुटेल, हे भरती-ओहोटीवर ठरते. ती वेळ जुन्या पुस्तकात शोधून मिळत नाही. ती तेथील नावाड्यांनाच विचारावी लागते.

परिक्रमा पूर्ण केलेल्यांनी लिहिलेली पुस्तकेही मराठीत आहेत. जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ हे त्यांपैकी एक. अशी पुस्तके वाचून परिक्रमेचे स्वरूप कळते आणि मनाची तयारी होते. परंतु सरदार सरोवर धरणाचा जलाशय २०१९ च्या सप्टेंबरमध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला आणि काठावरचा मोठा भाग पाण्याखाली गेला. जुन्या यात्रेकरूने प्रामाणिकपणे सांगितलेली वाट आता तेथे असेलच, असे नाही. सांगणारा खोटे बोललेला नसतो; काळ पुढे गेलेला असतो.

चांगल्या सल्ल्याची लक्षणे

“सिंधुदुर्ग किल्ला फार सुंदर आहे, अवश्य पाहा,” हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण त्याने प्रवाशाचे काम भागत नाही. मालवणच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या या किल्ल्यावर नावेने जावे लागते आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यामुळे ही वाहतूक बंद असते. हे न सांगितल्यास जुलै महिन्यात दूरवरून आलेल्या कुटुंबाला किल्ला किनाऱ्यावरूनच पाहून परतावे लागेल. साताऱ्याजवळील कास पठाराचेही तसेच आहे. तेथील फुलांचा बहर साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत असतो आणि तोही पावसाच्या मानाने मागेपुढे होतो. मे महिन्यात गेलेल्यास तेथे उघडा कातळच दिसतो. म्हणून उपयुक्त सल्ल्याचे पहिले लक्षण हे की, त्यात काळाचा स्पष्ट उल्लेख असतो.

दुसरे लक्षण म्हणजे व्यक्तीचा विचार. तरुणाला सोपी वाटणारी चढण गुडघेदुखी असलेल्या वृद्धास अशक्य असू शकते. एकटी प्रवास करणारी स्त्री, लहान मुलांचे आईवडील आणि मित्रांचा घोळका यांच्या गरजा सारख्या नसतात. सांगणारा कोणत्या परिस्थितीत गेला होता, हे कळल्याशिवाय त्याच्या ‘सोपे’ आणि ‘स्वस्त’ या शब्दांना अर्थ येत नाही.

तिसरे लक्षण म्हणजे कारण. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. दिल्लीहून विमानाने निघालेला प्रवासी दोन तासांच्या आत तेथे पोहोचतो. परंतु विरळ हवेशी जुळवून घेण्यास शरीराला अधिक वेळ लागतो. त्यामुळे डोकेदुखी, मळमळ, धाप लागणे असा त्रास होतो आणि दुर्लक्ष केल्यास तो जिवावर बेतू शकतो. म्हणून पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि त्रास वाढल्यास कमी उंचीवर उतरावे, असे डॉक्टर सांगतात. ज्याला हे कारण कळले, तो विश्रांतीचा दिवस वाया गेला असे मानत नाही. “मी उतरलो त्याच दिवशी भटकलो, मला काहीच झाले नाही,” असे सांगणारा एखादा भेटतोच. त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरे असते. पण एका माणसाचा अनुभव हा सर्वांसाठी नियम होऊ शकत नाही.

सल्ल्याचे वय

प्रत्येक माहितीला वय असते. मंदिराची रचना शतकानुशतके तशीच राहते. परंतु भाडे, वेळापत्रक आणि नियम बदलत राहतात. रेल्वेचे आरक्षण चार महिने आधी करावे, असे अनुभवी प्रवासी सांगत आले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणण्यात आली आणि तो सल्ला कालबाह्य झाला. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात व वेगळे वेळापत्रक लावतात. त्यामुळे मे महिन्यात केलेल्या प्रवासाच्या वेळा जुलैमध्ये लागू पडत नाहीत.

हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्याचे उदाहरणही बोलके आहे. पूर्वी रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की मनालीहून तिकडे जाणारा रस्ता तुटत असे. खिंडीखालून जाणारा सुमारे ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला आणि हिवाळ्यातही खोऱ्याशी संपर्क ठेवणे शक्य झाले. जोरदार हिमवृष्टीत रस्ता आजही बंद होऊ शकतो. पण “हिवाळ्यात तिकडे जाताच येत नाही” हे विधान आता जुने झाले आहे. म्हणून सल्ला देणाऱ्याला “आपण केव्हा गेला होतात?” असे विचारण्यात कोणताही अनादर नाही.

कोणाला काय विचारावे?

सगळेच प्रश्न सर्वांना विचारण्यासारखे नसतात. कोणत्या खाणावळीत घरगुती चवीचे जेवण मिळते, पहाटे घाटावर केव्हा पोहोचावे, रिक्षाचे वाजवी भाडे किती, याची उत्तरे जाऊन आलेल्यांकडून आणि स्थानिक लोकांकडूनच मिळतात. परंतु कायदा, आरोग्य आणि परवाने यांबाबत ओळखीच्या माणसाचा शब्द पुरेसा नसतो. अरुणाचल प्रदेश, नागालँड व मिझोराम येथे जाताना अन्य राज्यांतील भारतीयांनाही ‘इनर लाइन परमिट’ घ्यावे लागते. तेथे “आम्हाला कोणी विचारले नाही” हा आधार चालत नाही.

परदेशप्रवासात ही काळजी अधिकच घ्यावी लागते. घरून निघताना अनारसे आणि मसाल्यांच्या पुड्या बरोबर देण्याची आपल्याकडे रीत आहे. अनारशांना लावलेली खसखस आपल्या स्वयंपाकघरात नित्याची असली, तरी संयुक्त अरब अमिरातीत ती नेण्यास बंदी आहे. हे ठाऊक नसलेला प्रवासी कोणताही वाईट हेतू नसताना गंभीर अडचणीत सापडू शकतो.

केनियातील अभयारण्ये पाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र असावे लागते. ते नसल्यास भारतात परतल्यावर त्याला काही दिवस विलग ठेवले जाऊ शकते. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी हे प्रमाणपत्र ग्राह्य होते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी घाई करून उपयोग नाही. पूर्वी ते दहा वर्षांपुरतेच चाले. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. असे नियम त्या त्या देशाचे दूतावास, शासकीय कार्यालये आणि अधिकृत लसीकरण केंद्रे यांच्याकडूनच निघण्यापूर्वी पडताळून घ्यावेत.

सांगणाऱ्याची जबाबदारी

प्रवासाहून परतलेला माणूस आता विचारणारा राहत नाही. त्याला विचारणारे येऊ लागतात. त्याचे शब्द ऐकून कोणी रजा काढणार असतो, कोणी साठवलेले पैसे खर्च करणार असतो, तर कोणी वृद्ध आईवडिलांना बरोबर नेणार असतो. त्यामुळे पाहिलेले आणि ऐकलेले यांत त्याने फरक केला पाहिजे. आपली फजिती झाली असेल तर तीही लपवू नये. कारण ज्या वळणावर एक चुकला, तेथे दुसराही चुकण्याचा संभव असतो. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही, असे सांगणे हाही एक उपयुक्त सल्लाच आहे.

त्याची जबाबदारी त्या स्थळाविषयीही असते. कास पठारावर फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली, ती गर्दीच्या पावलांखाली फुलेच चिरडू लागली म्हणून. एखाद्या जागेची वाट सांगताना तेथे कसे वागावे, हेही सांगितले पाहिजे.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ अशी मराठीत म्हण आहे. प्रवाशाने तिच्या दोन भागांमध्ये पडताळणीची एक पायरी ठेवावी. ऐकावे अनेकांचे, पडताळावे योग्य ठिकाणी आणि मग ठरवावे स्वतःच्या विचाराने. आणि परतल्यावर तारीख, भाडे, वेळ आणि अडचण यांची टिपणे आठवण ताजी असतानाच करून ठेवावीत. ज्याने आपल्याला वाट सांगितली, त्याचे ऋण त्याला फेडता येईलच असे नाही; ते आपल्यामागून निघालेल्या वाटसरूला खरी वाट सांगूनच फेडायचे असते.