टर्बो: कारखान्यातून आलेला की गॅरेजमध्ये बसवलेला?

पनवेल–उरण रस्त्यावर जासईजवळ थोडा वेळ उभं राहिलं की न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे ट्रेलर एकामागून एक जाताना दिसतात. चढावर ड्रायव्हरने पाय दाबला की इंजिनाच्या घरघरीतून एक बारीक शीळ वर येते. ती शीळ टर्बोची. भरलेला कंटेनर ओढण्याचं बळ त्या डिझेल इंजिनाला टर्बोमुळेच मिळतं. १२ जानेवारी २०२४ रोजी जवळच चिर्ल्याला उतरणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आणि या भागात वेगवान मोटारींचीही वर्दळ वाढली. गाड्यांचं वेड असलेल्या तरुणांपुढे मग एक प्रश्न येतो. कंपनीने टर्बोसह बनवलेली स्पोर्टी गाडी घ्यावी, की हातातल्या साध्या पेट्रोल गाडीलाच बाहेरून टर्बो बसवावा? याचं उत्तर आधी भौतिकशास्त्रात शोधायला हवं आणि मग पैशात.

पेट्रोल इंजिनात एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. त्यामुळे जास्त ताकद हवी असेल तर नुसतं इंधन वाढवून भागत नाही, हवाही जास्त लागते. साधं इंजिन ती स्वतःच्या ओढीने घेतं. टर्बो ती दाबून भरतो. इंधनातली जवळपास एक तृतीयांश ऊर्जा एरवी सायलेन्सरमधून वाया जाते. टर्बोचं एक चाक त्या तापलेल्या धुराच्या झोतात फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक ताजी हवा सिलिंडरकडे ढकलतं. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं.

अडचण उष्णतेची आहे. हवा दाबली की तापते. जासईच्या उन्हाळ्यातली ३५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर ती शंभर अंशांच्या बरीच वर जाते. तापलेली हवा विरळ होते, म्हणून मधे इंटरकूलर बसवून ती थंड करावी लागते. एवढं करूनही सिलिंडरमधला दाब आणि तापमान साध्या इंजिनापेक्षा जास्तच राहतं. मग ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. मेस्त्री ज्याला नॉकिंग म्हणतात ते हेच. चालकाला त्याची टकटक ऐकू येते, पण पिस्टनवर प्रत्यक्षात दाबाच्या लाटांचे घाव बसत असतात. ते चालू राहिले तर पिस्टनच्या कडा तुटतात, हेड गॅस्केट उडतं आणि इंजिनाचं मोठं काम निघतं.

म्हणूनच कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधलं मिश्रण किती पटीने दाबतो ते प्रमाण, महत्त्वाचा. १९६२ साली अमेरिकेत दोन टर्बो मोटारी बाजारात आल्या आणि दोन्हींनी आधीच्याच इंजिनावर टर्बो चढवला होता. ओल्ड्समोबाइल जेटफायरने १०.२५ हा चढा रेशो तसाच ठेवला आणि नॉकिंग रोखण्यासाठी पाणी व मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय केली. मालक ती टाकी भरायला विसरत. पुढच्याच वर्षी गाडी बंद झाली आणि अनेक जेटफायरचे टर्बो काढून टाकले गेले. शेव्हरोले कॉर्व्हेअरने रेशो ८ वर उतरवला. तिची टर्बो आवृत्ती १९६६ पर्यंत टिकली. म्हणजे नुसता टर्बो बसवून भागत नाही, इंजिनही त्याला साजेसं करावं लागतं.

आज कारखान्यातलं टर्बो इंजिन सुरुवातीपासून त्याच हिशोबाने आखतात. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचं दीड लिटरचं इंजिन १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तोही मिनिटाला १,६०० फेऱ्यांपासून. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. ते आत वाफ होताना उष्णता शोषतं, त्यामुळे रेशो फार उतरवावा लागत नाही. इंटरकूलर इनटेकलाच जोडलेला आणि पाण्याने थंड होणारा आहे. क्लच आणि गिअरबॉक्स त्याच टॉर्कसाठी निवडलेले असतात. ऊन, थंडी, घाट आणि हलक्या प्रतीचं पेट्रोल, या सगळ्यांत ठिणगी कधी पडावी याचा नकाशा महिनोन्‌महिने चाचण्या करून संगणकात भरलेला असतो.

याउलट सव्वा लिटरच्या साध्या इंजिनाचा टॉर्क ११० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. त्यावर टर्बो चढवायचा तर टर्बो आणि पाइप हा खर्चाचा फक्त पहिला भाग असतो. टर्बोला तेलाची स्वतंत्र लाइन हवी. मोठे इंजेक्टर, इंटरकूलर, नवं ट्यूनिंग आणि दणकट क्लच हवा. बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, वाढवायचा असेल तर फोर्ज्ड पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडही बसवावे लागतात. ब्रेक आणि टायर तर बदलायलाच हवेत. यातलं एक जरी वगळलं, तरी सगळ्यात कमजोर भाग आधी जातो. तरीही या कामाचं आकर्षण खोटं नाही. इंजिन उघडून ते समजून घेत पुन्हा उभारण्यात जे शिक्षण आहे, ते शोरूममध्ये मिळत नाही. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग स्पर्धांत अशा मॉडिफाइड गाड्या हिमतीने उतरल्या आहेत, आणि त्यांच्यामागे मेहनती ट्यूनर उभे आहेत.

सार्वजनिक रस्त्यावर मात्र कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेला मूळ उत्पादकाचा तपशील मालकाला आपल्या मर्जीने बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला कारण ठरू शकतो. प्रदूषणाचा प्रश्न वेगळाच. बीएस-६ च्या मर्यादा मूळ इंजिन आणि मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धरून तपासलेल्या असतात.

माझा कौल स्पष्ट आहे. रोज जासईहून मुंबई-पनवेल करायचं असेल, घरची माणसं गाडीत बसणार असतील, तर कारखान्यातून टर्बोसह आलेली गाडीच घ्या. बजेट कमी असेल तर चांगली देखभाल केलेली जुनी घ्या, आणि तिचं तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचं व वेळेवर बदला. टर्बोचं बेअरिंग त्या तेलाच्या पातळ थरावरच फिरतं. गॅरेजमधला टर्बो हवाच असेल, तर ती गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवा, ट्रेलरवर लादून तिथे न्या आणि इंजिन आतून बांधून घेतल्याशिवाय बूस्ट वाढवू नका. कुठलीही गाडी चालवा, अटल सेतूवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ती टर्बोवाल्यांनाही तितकीच लागू आहे.