फोन घरात आहे, पण मुलीच्या हातात आहे का?

आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या दोघी शिक्षिका. आज बोलायचंय ते मुलांच्या अभ्यासाबद्दल आणि घरातल्या मोबाईलबद्दल.

आमच्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी रोज प्रार्थनेआधी मैत्रिणीच्या वहीतून गृहपाठ उतरवून काढायची. आम्ही तिला रागावलो. म्हटलं, "काल सात वाजताच ग्रुपवर टाकला होता की!" ती खाली मान घालून उभी राहिली. पुढे तिच्या घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. घरात फोन एकच. दिवसभर तो वडिलांच्या खिशात आणि रात्री मोठ्या भावाच्या हातात. तिची पाळी येईपर्यंत एक तर चार्जिंग संपलेलं, नाहीतर ती भांडी घासायला बसलेली. चूक तिची नव्हतीच. आमचा निरोप तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

हे एकाच घरचं नाही. 'असर' नावाची पाहणी देशभरातल्या खेड्यांत होते. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना विचारलं, तर जवळजवळ ९० टक्के जणांच्या घरी स्मार्टफोन होता. पण फोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे होते ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. घरात फोन येणं वेगळं आणि तो मुलीच्या हाती येणं वेगळं.

कोरोनाच्या काळात, २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा हे सगळ्यांनाच दिसलं. कुणी रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसलं, तर कुणाचा अभ्यास रिचार्जअभावी थांबला. म्हणून तर सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, आणि कितीतरी शिक्षकांनी देवळाच्या ओसरीवर, झाडाखाली मुलं गोळा केली.

आता शाळा सुरू आहेत, पण अडचण संपलेली नाही. बालभारतीच्या पुस्तकात चौकोनी क्यूआर कोड असतो. तो फोनने स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ दिसतो. वर्गातली निम्मी मुलं तो घरी बघून येतात, निम्मी नाही. परत शिकवावं तर बघून आलेली कंटाळतात, पुढे जावं तर बाकीची मागे पडतात. एकाच तासाला आम्हाला दोन वर्ग शिकवावे लागतात. वर ज्याने व्हिडिओ बघितला तो हुशार आणि न बघणारा आळशी, असा समज नकळत आमचाही होतो.

म्हणून आम्ही आमची पद्धत बदलली. गृहपाठ आता शाळा सुटण्याआधी फळ्यावर लिहितो. व्हिडिओ आधीच आमच्या फोनवर उतरवून ठेवतो, म्हणजे रेंज नसली तरी वर्गात सगळ्यांना एकदम दाखवता येतो.

काही गोष्टी मात्र तुमच्याच हातात आहेत. घरात फोनची वेळ ठरवा. रात्रीचा अर्धा तास अभ्यासाचा, आणि त्यात मुलीची पाळी मुलाइतकीच. त्या अर्ध्या तासात भांडी कुणी घासायची, हेही तेव्हाच ठरवा. फोनने मुलगी बिघडेल अशी धास्ती वाटत असेल, तर फोन काढून घेण्यापेक्षा तिच्या शेजारी बसा. काय बघतेस, मलाही दाखव, असं म्हणा. त्यात आपणही चार गोष्टी शिकतो.

ज्या घरी फोनच नाही, त्या घरच्या मुलांना शेजारच्या घरी अभ्यासाला बसवता येईल का, हे बचत गटाच्या बैठकीत विचारा. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जरूर या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत किमान ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. तिथे नुसती सही करून उठू नका. शाळेतला संगणक, टॅब चालू आहे की कपाटात कुलपात आहे, ते विचारा. शाळा सुटल्यावर अर्धा तास तो मुलांना वापरता येईल का, तेही विचारा. तुम्ही विचारलंत तर आम्हा शिक्षकांनाही जोर येतो.

ती मुलगी आता फळ्यावरून गृहपाठ उतरवून घेते आणि सकाळी स्वतःची वही पुढे करते. तिला आम्ही उगाच रागावलो होतो, हे तिच्याजवळ कबूल केलं. ती फक्त हसली.

मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाली की एवढंच बघा, घरातला फोन कुणाच्या हातात आहे?