धोक्याची घंटा व शेजारधर्म

पूर्वीं आपल्या खेड्यांत रात्रीच्या पहाऱ्याचें काम जागल्या किंवा रामोशी यांजकडे असे. त्याची हाक कानीं पडतांच लोक काठ्या घेऊन धांवत, कारण तो उगीच ओरडणार नाहीं असा सर्वांचा भरंवसा असे. पवनेच्या कांठचें पिंपळे गुरव हेंही एके काळीं असेंच एक खेडें होतें. आज तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत असून येथें दाट वस्ती झाली आहे. अनेक घरांत आईवडील दोघेही कामावर जातात, घरास दिवसभर कुलूप असतें, आणि जागल्याची जागा विजेच्या घंटेनें घेतली आहे.

ही युक्ति तशी जुनीच. अमेरिकेंत बोस्टन शहराजवळ राहणाऱ्या ऑगस्टस पोप यांनीं १८५३ सालीं अशा घंटेचें पेटंट घेतलें. दार उघडलें कीं विद्युत्प्रवाहाचें मंडल पूर्ण होई व घंटा वाजूं लागे. हल्लींच्या कांहीं यंत्रांत दाराला लोहचुंबक बसवितात, तर कांहीं यंत्रें माणसाच्या अंगची उष्णता हेरतात. परंतु यंत्राला विवेक नसतो. मांजर आडवें गेलें, उन्हानें तापलेला पडदा हालला, बॅटरी उतरली, किंवा धूर हेरणाऱ्या डबींत कोळ्यानें जाळें विणलें, तरी घंटा वाजते.

अशा वेळीं कायदा काय सांगतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. खाजगी ध्वनियंत्राचा आवाज आवाराच्या सीमेवर या मर्यादेहून ५ डेसिबलांपेक्षां अधिक वाढूं नये, असाही नियम आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचें महत्त्व कळेल. मर्यादा १० डेसिबल किंवा त्याहून अधिक ओलांडली गेल्यास नागरिकास तक्रार करतां येते. सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगीं रात्रीच्या बंदीस अपवाद आहे. पण मांजरानें वाजविलेली घंटा म्हणजे आणीबाणी नव्हे.

आगीच्या घंटेविषयीं महाराष्ट्राचा २००६ सालचा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या कक्षेंतील इमारतींच्या मालकांनीं अग्निशमनाचीं साधनें सुस्थितींत असल्याचें परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र दर वर्षीं जानेवारी व जुलै या महिन्यांत द्यावयाचें असतें. आग लागल्याची जाणूनबुजून खोटी वर्दी देणें हा १९५१ च्या पोलीस कायद्यानें गुन्हा ठरविला आहे. असा निर्बंध कां, हें सहज समजेल. खोट्या वर्दीवर गेलेला बंब त्याच घटकेला खऱ्या आगीवर जाऊं शकत नाहीं.

अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटी या शहरांत खोट्या घंटांचा इतका उपद्रव झाला कीं, २००० सालीं तेथें नवा नियम करावा लागला. कोणी प्रत्यक्ष खात्री केल्याविना, केवळ घंटा वाजली एवढ्यावरून पोलीस येईनासे झाले. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण खालच्या इयत्तेंत शिकलों. तीच येथें एका मोठ्या शहराच्या अनुभवास आली.

आपल्या गल्लींत तसें होऊं नये म्हणून थोडी दक्षता पुरे आहे. घंटा कांहीं मिनिटांनीं आपोआप थांबेल अशी योजना करून घ्यावी. बॅटरी व धुराची डबी वेळच्या वेळीं तपासावी. गांवीं जातांना किल्ली व आपला दूरध्वनि क्रमांक विश्वासू शेजाऱ्याजवळ ठेवावा. मुलांनीं गंमत म्हणून घंटेची कळ कधींही दाबूं नये. मात्र खरें संकट दिसतांच १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळविण्यास क्षणाचाही विलंब करूं नये. पलीकडच्या घरांत कोणी आजारी असेल, कोणी रात्रपाळी करून नुकताच निजला असेल, कोणाची दुसऱ्या दिवशीं परीक्षा असेल. त्यांची झोंप आज आपण राखली, तर आपल्या घरची घंटा खरोखर वाजेल त्या दिवशीं तेच प्रथम धांवून येतील.